आवाज माझा, बोलणं त्याचं

“डोळ्यांत घालायचे थेंब आहेत का? आणि जरा लवकर द्या. बाहेर पाऊस आहे, आणि माझी आई सावकाश ढकलते.”

हे वाक्य ऐकू आलं तेव्हा मी औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिडीवर उभी होते. हातात खोकल्याच्या औषधाची खोकी होती आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण बोलणारा आवाज माझा होता.

माझ्यासारखा वगैरे नाही… माझाच. थोडा नाकातला, आणि प्रश्नाच्या शेवटी उगाच चढणारा. खोकी तिथेच टाकून मी बाहेर आले. गिऱ्हाइकांच्या रांगेत चाकांच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. केस भिजलेले, मांडीवर चौकड्यांची घोंगडी, आणि खुर्चीच्या हाताला टॅबलेटसारखी एक काळी पाटी बांधलेली. उजव्या हाताच्या एका वाकड्या बोटाने तो त्या पाटीवर एकेक अक्षर टोचत होता. त्याच्यामागे डोक्याला काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी छत्री झटकत उभी होती.

“काय बघतेस गं?” म्हातारी माझ्यावर खेकसली. “माणूस पाहिला नाहीस कधी?”

“नाही… म्हणजे… तो आवाज…”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून बराच वेळ टोचत राहिला. रांगेतल्या बायका सुस्कारे सोडायला लागल्या. शेवटी पाटी माझ्याच आवाजात बोलली, “बाईचा आवाज आहे म्हणून हसू नका. आपल्या भाषेत हा एकच मिळतो.”

“माहीत आहे,” मी म्हणाले. “तो माझा आहे.”

त्याचं बोट हवेतच थांबलं. मोठे, तपकिरी, पावसाने पापण्या चिकटलेले डोळे माझ्यावर खिळले, आणि मला… काय सांगू, काउंटरच्या आड लपावंसं वाटलं. मग बोट पुन्हा खाली आलं.

“तरीच,” पाटी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “तरीच प्रश्न विचारला की चिडल्यासारखा येतो.”

“मी चिडत नाही!” मी चिडून म्हणाले.

सगळी रांग हसली. तोही हसला. आवाज नाहीच, नुसते खांदे हलले. त्याच्या आईने तेवढ्यात थेंबांची बाटली माझ्या हातातून ओढून घेतली आणि खुर्ची फिरवली.

झालं होतं ते असं. राजधानीत, स्कोप्येला, कॉलेजात होते तेव्हा आमच्या एका सरांनी एक काम काढलं होतं. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी आपल्या भाषेत बोलणारं यंत्र करायचं. त्यासाठी कोणीतरी तळघरात बसून वाक्यांमागून वाक्यं वाचायची होती. “गाय गवत खाते”पासून “मंत्र्यांनी पुलाचं उद्घाटन केलं”पर्यंत सगळी मी वाचली. अर्धी वाचताना मला सर्दी होती. पुढे सर निवृत्त झाले, काम बारगळलं, आणि मीही विसरले. माझा आवाज मात्र माझ्याशिवाय हिंडत राहिला होता, आणि हिंडत हिंडत ओह्रिदला, माझ्याच गावात, माझ्याच दुकानात औषध घ्यायला आला होता!

त्याचं नाव नाउम. गावात त्याला न ओळखणारी बहुतेक मी एकटीच. तो आमच्या जिल्ह्याच्या फुटबॉल सामन्यांचा पंच होता. म्हणजे निम्म्या गावाने त्याला आईबहिणीवरून ऐकवलेलं होतं, आणि माझ्या सख्ख्या भावाने एकदा त्याच्यावर ओला बूट फेकला होता. मग एके दिवशी सामन्यात त्याच्या हातातून शिट्टी गळून पडली. नंतर ती रोजच गळायला लागली. आधी हात, मग पाय, मग जीभ… आणि सगळ्यांत शेवटी श्वास. असा तो आजार. त्याला औषध नाही. मी औषधांच्या दुकानात काम करते, मला हे कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला.

“तक्रार आहे,” पाटी म्हणाली.

“थेंब झोंबतात का?”

“नाही. तुमच्या आवाजात शिव्या नाहीत.”

“काय नाहीत?”

“शिव्या. तुम्ही गाय आणि मंत्री वाचलेत. मी पंच आहे. आयुष्यभर नुसत्या खाल्ल्या. आता परत करायच्या आहेत.”

त्याची आई, वासिल्का मावशी, छताकडे बघत होत्या. “ऐकू नकोस त्याचं,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून वाह्यात आहे.” पण जाताना दारातून वळून म्हणाल्या, “रविवारी भाजीची पोळी करणार आहे मी. यायचं असलं तर ये.”

मी गेले. वरच्या आळीत, चढावर त्यांचं घर. दारात पाहुण्यांच्या लोकरी चपला, भिंतीवर संतांच्या तसबिरी, खिडकीतून खाली करडं तळं. नाउमकडे आवाज भरायचं छोटं यंत्र होतं, पण घरात शांतता नव्हती. वर कबुतरं, खाली चुलीचा धूर ओढणारा पंखा. शेवटी मी मावशींच्या कपड्यांच्या कपाटात शिरून बसले. कोट आणि डांबरगोळ्यांच्या वासात, दार थोडं उघडं ठेवून. फटीसमोर त्याची खुर्ची. तो पाटीवर लिहून दाखवायचा आणि मी वाचायची.

त्या कपाटात बसून मी अशा शिव्या दिल्या की माझ्या आजीने ऐकल्या असत्या तर मला तळ्यात बुचकळून काढलं असतं.

“अजून थोड्या प्रेमाने,” नाउमने लिहिलं.

“शिवी प्रेमाने कशी देतात?”

“तुझ्याकडे बघून मला जमेल असं वाटतं.”

मी दार लावून घेतलं. अंधारात कोटांमध्ये तोंड खुपसून हसले, आणि मग घाबरले… कारण कित्येक दिवसांत इतकी हसले नव्हते.

मग दर रविवारी जायला लागले. तो पुरुष, आणि वाक्यं त्याची, म्हणून मी “मी आलो”, “मी जेवलो”, “मला वाटलंच होतं, पण मी बोललो नाही” असं सगळं वाचायची. त्याची सवयच लागली. एकदा घरी दार उघडून मी म्हणाले, “मी आलो!” आणि माझा भाऊ चमचा तसाच धरून बघत राहिला.

रविवारी नाउमच्या बहिणीचा फोन यायचा, ऑस्ट्रेलियातून. नाउम टोचता टोचता दमायचा आणि तिकडे लेंका नुसती “हॅलो, हॅलो” करायची. एकदा मी त्याच्या पाटीवरची अर्धी अक्षरं बघून स्वतःच फोनवर बोलून टाकलं. तो लिहायचा, मी वाचायची. झपझप! शेवटी लेंका म्हणाली, “दादा, तुझं यंत्र किती सुधारलंय रे! आज तर ते चक्क हसलं!” नाउमच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. मावशीसुद्धा हसल्या, पण त्यांचं हसू अर्ध्यावरच थांबलं. त्या आधी माझ्याकडे आणि मग फोनकडे बघत राहिल्या. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

थंडी वाढली तसं ते एक बोटही गेलं. मग पाटीवर डोळ्यांनी लिहायचा कॅमेरा बसवला. तो चालायचा, पण लहरी. ऊन आलं की आंधळा, डोळ्यांत पाणी आलं की आंधळा. म्हणून बाह्यरुग्ण विभागातल्या एका बाईंनी आम्हाला दुसरी पाटी दिली. साधी, पारदर्शक प्लास्टिकची, मध्ये खिडकीसारखी कापलेली आणि चारी बाजूंना अक्षरं. ना वीज, ना आवाज. ती दोघांच्या तोंडांमध्ये धरायची. तो अक्षराकडे बघतो, आणि आपण पलीकडून त्याचे डोळे बघून ओळखायचं की कुठलं.

दुसऱ्याच्या डोळ्यांत इतका वेळ, इतक्या जवळून, कोणी काही म्हणणार नाही अशा बेताने बघायची सोय आणखी कुठे आहे, सांगा! मी तर पहिल्या दिवशी अक्षरंच विसरले.

“त… तू… काय?”

त्याने डोळे गच्च मिटले. हा त्याचा नियम होता. त्याचा शब्द आपण मध्येच पुरा करायचा नाही. केला की डोळे गच्च मिटायचा. त्याचा अर्थ फाऊल. पुन्हा सुरुवातीपासून. मी स्वभावाने उतावळी, माझे दिवसात कितीतरी फाऊल व्हायचे.

“तु… झे… का… न… ला… ल… झा… ले.”

“थंडीने झालेत!”

पुन्हा डोळे गच्च. आता तर मी त्याचं नाही, माझंच वाक्य बोलले होते, तरी फाऊल! पंच म्हणजे शेवटी पंचच.

मावशी मात्र त्या पाटीला हात लावायच्या नाहीत. “माझा मुलगा बोलतो,” म्हणायच्या. “त्याची कोडी मी का सोडवू? ते यंत्र दुरुस्त करून आणा.” पाटी निघाली की त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि दारातून बघत बसायच्या.

जानेवारीत क्रूस पाण्यात टाकायचा सण आला. आम्ही खिडकीशी बसून खाली बघत होतो. धर्मगुरूंनी क्रूस फेकला आणि उघडीबंब पोरं बर्फासारख्या तळ्यात धडाधड उड्या मारायला लागली. नाउम रात्री श्वासाच्या यंत्राचा मास्क लावून झोपायचा, त्याला आता दिवसाही मास्क लागायला लागला होता. आदल्या आठवड्यात डॉक्टर स्पिरोवांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. थोड्या दिवसांनी मास्क पुरणार नाही. मग घशाला भोक पाडून नळी घालायची आणि यंत्राच्या श्वासावर जगायचं, काही वर्षंसुद्धा. नाहीतर नळी नाही. ते त्यानेच ठरवायचं.

कॅमेरा त्या दिवशी नीट चालत होता. पाटी माझ्या आवाजात म्हणाली, “नळी नको म्हणणार आहे मी.”

खाली लोक ओरडले. कोणाला तरी क्रूस सापडला होता.

“का?”

“आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. नळी रात्रीतून कितीदा साफ करावी लागते, तुला माहीत आहे.”

“मी करीन.”

“नाही.”

“मला विचार तरी! मी लग्न करीन तुझ्याशी, इथे राहायला येईन, रात्री मी जागेन…” मला ऐकू येत होतं की माझा आवाज चढतोय. “आणि तू म्हणजे नुसती नळी नाहीस, नाउम. तुझे डोळे आहेत. तू हसतोस. तुझं डोकं शाबूत आहे, माझ्यापेक्षा जास्त!”

“म्हणूनच मी ठरवतो आहे,” पाटी म्हणाली.

“माझ्यावर तुझं प्रेम आहे की नाही, तेवढं सांग. मग बाकीचं ठरव.”

तो बघत राहिला. माझ्याकडे, पाटीकडे नाही. पाटीकडे बघितल्याशिवाय त्याला एक शब्दही बोलता येत नव्हता, आणि त्याने पाटीकडे बघितलंच नाही. मी कोट घेतला आणि निघाले. उतारावर बर्फात दोनदा घसरले, आणि रडले ती गुडघा दुखतोय म्हणून नव्हे.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग एका दुपारी दुकानात वासिल्का मावशी आल्या. एकट्या. खुर्चीशिवाय त्या मला फार बारीक वाटल्या.

“कधीपासून आली नाहीस.”

“येईन.”

“ये. तो खिडकीकडे तोंड करून बसायला सांगतो आणि खालचा रस्ता बघतो.” त्यांनी मागे वळून दार बंद आहे ना ते पाहिलं. मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, “पोरी, वेळ आली की डॉक्टरीण विचारणार. त्याला तेव्हा यंत्र जमणार नाही. ती प्लास्टिकची पाटी तूच धरणार, तूच वाचणार.”

“हो.”

“तो ‘नको’ म्हणेल. तू ‘हो’ म्हण.”

मी काउंटरवरची खोकी बाजूला सारली.

“आवाज तोच आहे ना? लेंकाला तरी कुठे कळलं? कोणाला कळणार आहे?”

“नाउमला कळेल, मावशी.”

“कळू दे!” त्यांनी काउंटरवर मूठ आपटली. “कळायला तो जिवंत तर असेल! रागावू दे, माझं तोंड नाही बघितलं तरी चालेल. पण माझ्या घरात श्वास घेत रागावू दे.”

मी त्यांना “नाही” म्हणाले नाही. “हो”ही म्हणाले नाही. त्या गेल्यावर शटर अर्धं ओढून मी मागच्या खोलीत बसले. मला “हो” म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं. एक शब्द! तेवढ्याने तो राहिला असता, खिडकीशी, माझ्यासमोर, दर रविवारी. प्रेमात माणूस चोरी करतो म्हणतात. ही तर चोरीसुद्धा नव्हती, आवाज तर माझाच होता.

त्या संध्याकाळी मी अजून जरा लंगडतच चढ चढून गेले. नाउमने काही विचारलं नाही. मी त्याच्या पायांवर घोंगडी नीट केली, त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि तशीच बसून राहिले. हात गार होता. मग पाटी म्हणाली, “तुझ्या गुडघ्याला काय झालं?”

“फाऊल,” मी म्हणाले.

मार्च अर्धा सरला होता तेव्हा त्याला न्युमोनिया झाला. दवाखान्याच्या खोलीत मास्क तोंडावर घट्ट आवळलेला, ओठ जांभळट, कपाळावर घाम. कॅमेऱ्याला त्याचे डोळे सापडेनात. डॉक्टर स्पिरोवा पलंगाशी आल्या. थकलेल्या, केस कसेतरी बांधलेले.

“नाउम,” त्या म्हणाल्या, “आधी काय सांगितलं होतंस ते माझ्या लक्षात आहे. पण आजचं मी आजच विचारणार. नळी घालू का?”

त्याने एकदा पापण्या मिटल्या.

“ही काय खूण झाली?” मावशी पलीकडून म्हणाल्या. “दमलाय तो. डोळे मिटतायत त्याचे!”

“बरोबर आहे तुमचं,” डॉक्टर म्हणाल्या. “एवढी गोष्ट मी पापणीवर नाही सोडत. मला शब्दांत हवं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीतून प्लास्टिकची पाटी काढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये धरली. पाटी हलू नये म्हणून कोपर गादीवर टेकवले. पाटीच्या खिडकीतून त्याचे डोळे दिसले. तापाने लाल झालेले, पण जागे. पूर्ण जागे. त्याच्या पलीकडे मावशी, तोंडावर रुमालाचं टोक दाबून, माझ्या ओठांकडे बघत होत्या.

तो बघत गेला, मी ओळखत गेले. मध्ये एकही शब्द पुरा केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला घाई नव्हती. नळी. नको. मास्क. पुरे. घरी. न्या.

मग मला तोंड उघडायचं होतं.

खरं सांगते, जिभेच्या टोकावर “हो” होता. तो नुसता सुटायला हवा होता. पण नाउम माझ्याकडे बघत होता, आणि त्या डोळ्यांत कसलीच शंका नव्हती. मी काय बोलणार हे त्याला माहीत होतं. सगळं गेलं होतं त्याचं. हात, पाय, जीभ. राहिला होता तो फक्त हा आवाज… मी. मीच जर फितूर झाले असते, तर मग तो कुठे उरला असता?

“नळी नको,” मी म्हणाले. “मास्क पुरे. घरी न्या.”

“खोटं!” मावशी किंचाळल्या. “खोटं बोलतेय ती! हा तिचा आवाज आहे, त्याचा नाही! हिला रात्री जागायचं नाहीये, हिला सुटायचंय, डॉक्टरीणबाई, हिचं ऐकू नका!”

माझ्या कानशिलात बसावी तसं झालं. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत मला शंका दिसली.

“तो याच आवाजात बोलायचा,” त्या सावकाश म्हणाल्या. “तुम्हीही याच आवाजात बोलता. माझी पंचाईत समजून घ्या. दुसऱ्या कोणीतरी वाचायला हवं.”

नर्सने पाटी घेतली. तिने ती इतकी जवळ धरली की नाउमला अक्षरंच दिसेनात. तिने एक अक्षर चुकवलं, मग दुसरं. त्याच्या घशातून घरघर यायला लागली. यंत्राने शिट्टी मारली.

“अशी नाही धरत ती!” मावशींनी नर्सच्या हातातून पाटी हिसकावली. “लांब धर! आणि त्याच्या डोळ्यांच्या रेषेत… सरक.”

त्या पलंगावर बसल्या. पाटी बरोबर हातभर अंतरावर, बरोबर उंचीवर. मी कधी शिकवलं नव्हतं त्यांना. स्वयंपाकघराच्या दारातून त्या सगळं शिकल्या होत्या. इतके दिवस पाटी धरली नाही, ती येत नव्हती म्हणून नाही. त्यांना तो काय म्हणेल याची भीती होती.

“बोल,” मावशी म्हणाल्या. “आईशी बोल.”

नाउमचे डोळे अक्षरांवर फिरले.

“न…” मावशींचा आवाज जाडाभरडा, सिगरेटींनी खरवडलेला. “…को.”

नाउमचे डोळे पुन्हा हलायला लागले.

“आ… ई… द… म… ली…” त्या थांबल्या. “मी दमले नाही! कोण म्हणतं मी दमले?”

त्याने डोळे गच्च मिटले.

“बरं. बरं रे. बोल पुढे.” त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण पाटी हलली नाही. “आई दमली… म्ह… णू… न… ना… ही.” मग पुढची अक्षरं. “मी… द… म… लो.”

मावशींनी पाटी मांडीवर ठेवली. त्यांनी मुलाच्या कपाळावरचा घाम आपल्या रुमालाने पुसला, एकदा, दोनदा, पुसायला काही उरलं नाही तरी. मग डॉक्टरांकडे न बघता म्हणाल्या, “नको म्हणतोय.”

मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. थोड्या वेळाने मावशी आल्या आणि शेजारी टेकल्या. माफी वगैरे काही मागितली नाही. आमच्याकडे अशा वेळी माफी मागत नाहीत. त्यांनी पिशवीतून भाकरीचा तुकडा काढला, मोडला आणि अर्धा माझ्या हातात ठेवला.

नाउम घरी आला तो ईस्टरच्या आधी जाण्यासाठीच. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पलंग खिडकीशी लावला. बदामाच्या झाडांना फुलं आली होती आणि दक्षिणेच्या वाऱ्याने ती खिडकीतून आत येऊन घोंगडीवर पडायची. मी दुकानातून सुट्टी घेतली होती. लेंकाला फोनवर सगळं मीच सांगितलं, आणि आधीच म्हणाले की मी देस्पिना बोलतेय. पाटी आता मावशींच्याच हातात असायची. मला द्यायच्याच नाहीत! सकाळपासून दोघं मायलेक नुसते बोलत. चूल, शेजारी, चुलत्याच्या शेताचं भांडण, कुठल्याशा जुन्या सामन्यातली पेनल्टी. मला हेवा वाटायचा, आणि हेवा वाटल्याची लाजही.

एका दुपारी मी त्याच्या ओठांना ओला कापूस लावत होते. मावशी पलीकडे बसून वाचत होत्या.

“दे… स्पि… ना. अगं, तुझ्याशी बोलतोय.”

“मग पाटी द्या ना इकडे.”

नाउमने डोळे गच्च मिटले.

“नाही म्हणतो,” मावशी म्हणाल्या. “मीच वाचायचं म्हणतो. काय रे, हिला दे ना, मला ढीगभर कामं पडलीत… बरं, बरं! बोल.” त्या चष्मा सावरून पुढे झुकल्या. “तु… झ्या… आ… वा… जा… त… सां… गा… य… चं… न… व्ह… तं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काय सांगायचं नव्हतं हिच्या आवाजात?”

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. नाउम अक्षरांकडे बघत होता, एकामागून एक, अगदी सावकाश. मावशी ओठांतल्या ओठांत जुळवत होत्या. मग त्या एकदम सरळ झाल्या. म्हातारीचे कान लाल झाले.

“नाउम! हे आईकडून वदवून घेतोस? जनाची नाही तर मनाची तरी…”

त्याचे डोळे हसत होते. खांदे आता हलत नव्हते, नुसते डोळेच हसायचे. पण डोळ्यांनी त्याने पुन्हा पहिल्या अक्षराकडे बघितलं. वाच.

“वाचते रे बाबा, वाचते…” मावशींनी रुमालाची गाठ घट्ट केली, चर्चमध्ये उभं राहताना करतात तशी. घसा खाकरला. आणि माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघून, त्या खरखरीत आवाजात म्हणाल्या, “माझं तुझ्यावर प्रेम आहे. पहिल्या पावसापासून, तू चिडलीस तेव्हापासून.”

वारा खिडकीची झडप आपटत होता. त्याचं सगळं बोलणं इतके दिवस मी माझ्याच आवाजात ऐकत आले होते. नकारसुद्धा, शिव्यासुद्धा. हे पहिलंच वाक्य होतं की जे बाहेरून आलं, दुसऱ्या कोणाकडून, माझ्याकडे.

“अगं, बोल की आता!” मावशी म्हणाल्या. “त्याचे डोळे थकलेत.”

मी खाली वाकले. इतकी, की माझा श्वास त्याच्या मास्कच्या प्लास्टिकवर उमटला.

“माझंही आहे,” मी म्हणाले, आणि घाईघाईने पुढे म्हणाले, “हे मी बोलतेय, नाउम. मी.”